लेकरांना घेऊन कुठे जावं? संभाजीनगरच्या आई-बाबांचे नेहमीचे प्रश्न

शाळेच्या गेटवर, लग्नाच्या पंगतीत, भाजीच्या गाड्यावर, कुठेही चार पालक जमले की हेच प्रश्न निघतात. त्यांची उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवली आहेत. उत्तरं छत्रपती संभाजीनगर धरून आहेत. बीड, लातूर, नांदेड, धाराशिवकडच्या मंडळींसाठी खाली वेगळा प्रश्न आहे.

रविवारी लेकरांना कुठे न्यावं?

कुठे न्यावं हे नंतर बघू, आधी किती वाजता निघताय ते ठरवा. आपल्याकडे सहल चांगली की वाईट हे जागेवर कमी आणि उन्हावर जास्त ठरतं. बीबी का मकबऱ्यात वरच्या चौथऱ्यावर चप्पल काढावी लागते. एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता पाच वर्षांचं लेकरू तिथे गेलं तर दोन पावलांत "बाबा, उचल" म्हणतं, आणि मग आपण म्हणतो की याला फिरायची आवडच नाही. तेच लेकरू उन्हं उतरल्यावर न्या, निघायचं नाव काढणार नाही.

साधा नियम असा: होळीपासून मृगापर्यंत सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर. पावसाळ्यात कधीही. थंडीत दुपारचं जेवण बाहेर. एका दिवशी एकच ठिकाण. "आलोच आहोत तर तेही करून टाकू" या वाक्यातूनच बहुतेक रडारड सुरू होते.

तास-दीड तासच आहे. शहरातल्या शहरात काय?

पाणचक्की. मोठ्यांनी ती लहानपणी पाहिलेली असते, त्यामुळे तिला फार कमी लेखलं जातं. लेकराला मात्र तिथे "हे चालतं कसं?" हा प्रश्न पडतो, आणि त्याचं उत्तर डोळ्यांसमोर असतं.

दाखवण्याचा क्रम उलटा ठेवा. आधी जातं दाखवा: वर दगडी जातं, खाली पाण्याच्या धारेने फिरणारं चाक. मग विचारा, पाणी कुठून आलं? बाहेर येऊन ती उंच भिंत आणि तिच्यावरून हौदात कोसळणारं पाणी दाखवा. मग पुढचा प्रश्न: भिंतीवर पाणी चढलं कसं, इथे तर मोटर नाही! शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरांच्या बाजूला, काही किलोमीटर लांब, पाण्याचा उगम इथल्यापेक्षा उंचावर आहे. जमिनीखालच्या बंद नळातून पाणी येतं आणि आपल्याच दाबाने भिंतीत वर चढतं. शहराला असं नहरीचं पाणी आणण्याची सुरुवात सतराव्या शतकात मलिक अंबरने केली. पाणचक्की त्यानंतरची, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली. दर्ग्यात येणाऱ्या-राहणाऱ्यांसाठी इथे धान्य दळलं जायचं.

घरी आल्यावर एक पाइप, एक बादली आणि गच्ची एवढ्यावर हा प्रयोग करता येतो. बादली उंच धरायची, पाइपचं दुसरं टोक खाली न्यायचं आणि परत वर वळवायचं. टोक बादलीतल्या पाण्याच्या पातळीखाली असेपर्यंत पाणी येतं, त्याच्या वर नेलं की थांबतं. चौथी-पाचवीतल्या पोरांना हे एकदा दाखवलं की पुस्तकातला पाण्याचा धडा सोपा जातो.

हौदातले मासे बघण्यात अर्धा वेळ जाईल, जाऊ द्या. हौदाच्या खाली मोठं दालन आहे, म्हणजे हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. "आपल्या डोक्यावर मासे पोहतायत" एवढं सांगितलं तरी पुरे. दर्ग्याचा भाग आहे, तिथे आवाज बेताचा.

सिद्धार्थ उद्यान न्यायच्या लायकीचं आहे का? गर्दी फार असते.

गर्दी असतेच. पण मध्यवर्ती बसस्थानकाला लागून आहे, वाघ आहे, पांढरा वाघ आहे, हिरवळ आहे. तीन ते सात वयाला याहून जास्त काही लागत नाही. प्राणिसंग्रहालयाला कोणत्या दिवशी सुट्टी आहे ते आधी विचारून घ्या. सकाळी गेलात तर प्राणी जागे सापडतात, दुपारी वाघ पाठ करून झोपलेला असतो आणि लेकरू त्याला उठवायला ओरडतं. ओरडू देऊ नका.

मुलांना इतिहास सांगायचा आहे, पण कंटाळतात. काय करावं?

सांगू नका. शोधायला लावा.

आपलं शहर बावन्न दरवाज्यांचं म्हणतात. त्यातले आज मोजकेच उभे आहेत, पण रविवारच्या सकाळच्या खेळाला तेवढे भरपूर झाले. दिल्ली दरवाजा, रंगीन दरवाजा, भडकल, मकाई, महमूद, पैठण, रोशन, काळा दरवाजा अशी यादी लेकराच्या हातात द्या, सोबत एक वही-पेन्सिल. प्रत्येक दरवाज्याची कमान, वरचे कंगोरे आणि "याच्यातून हत्ती जाईल का?" याचं उत्तर, एवढंच टिपायचं. एका सकाळी तीन दरवाजे पुरेत. भडकल दरवाजा 1612 चा, मलिक अंबरने मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला. हे सांगायचं तर दरवाज्याखाली उभं राहून एका वाक्यात सांगा. घरून व्याख्यान तयार करून नेलं की संपलं.

एक सूचना: पाणचक्कीजवळच्या महमूद दरवाज्यासारख्या काही ठिकाणी रस्ता चिंचोळा आणि रहदारी भरपूर. सकाळी आठच्या आत जा. चित्र काढायला रस्त्याच्या मधोमध नाही, कडेला बसवा.

मकबरा तर ताजमहालची नक्कल. तिथे काय दाखवायचं?

हे वाक्य लेकरांसमोर न बोललेलंच बरं. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने आईसाठी, म्हणजे दिलरास बानू बेगमसाठी, ही इमारत बांधली. लेकरांना "एका मुलाने आईसाठी बांधलं" हे लगेच पोचतं.

खेळ म्हणाल तर संगमरवर कुठे संपतो ते शोधायचं. खालचा काही भाग संगमरवरी, मग वर गिलावा आणि घुमट पुन्हा संगमरवरी. भिंतीकडे नीट बघितलं तर जोड दिसतो. आत कबर खालच्या पातळीवर आहे आणि आपण वरून, जाळीच्या कठड्यापाशी उभं राहून बघतो. लोक वरून नाणी टाकतात. तुमच्या लेकरानेही मागितलं तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा, तिथे वाद नको.

वेरूळला सगळ्या लेण्या एका दिवसात होतात का?

मोठ्यांच्या होतात, लेकरांच्या नाहीत. चौतीस लेण्या आहेत: 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन, आणि डोंगराच्या कडेने साधारण दोन किलोमीटर पसरलेल्या. लेकरं बरोबर असतील तर दोनच करा, दहावं आणि सोळावं.

दहावं लेणं म्हणजे सुताराचं लेणं. छताकडे बघायला सांगा. दगडातच फासळ्या काढल्या आहेत, हुबेहूब लाकडी वासे वाटतात. आत हळू आवाजात "ओऽऽ" म्हटलं की छत परत बोलतं. एक-दोनदा म्हणू द्या, मग दुसऱ्यांसाठी गप्प.

सोळावं म्हणजे कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. हे देऊळ बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली कोरत आणून उरलेलं आहे. सात-आठ वर्षांच्या पोराला हे तोंडी सांगून कळत नाही. त्यासाठी घरी साबणाची वडी आणि चमचा द्या आणि सांगा, तुकडा जोडायचा नाही, फक्त काढायचा, आणि सुरुवात वरून. हत्तीची सोंड एकदा तुटली की कारागिरांनी काय केलं असेल हा प्रश्न ते स्वतःच विचारतात.

तिथे गेल्यावर अंगणातले दोन मोठे हत्ती दिसतील. एकदम पुढे जाऊ नका. मुख्य देवळाच्या पायथ्याशी हत्तींची रांग आहे, जणू देऊळ पाठीवर घेऊन उभे आहेत. त्यांना मोजायला सांगा, आणि सोंड शाबूत असलेले किती ते वेगळं. मग भिंतीवर छोट्या छोट्या आकृत्यांच्या ओळी आहेत, एका बाजूला रामायण, दुसऱ्या बाजूला महाभारत. रामायणात वानरांनी सेतूसाठी दगड वाहायला घेतलेली ओळ शोधायची. ज्यांना गोष्ट माहीत आहे ती लेकरं इथे अर्धा तास हलत नाहीत, आणि आजीने सांगितलेली गोष्ट पहिल्यांदा आई-बाबांना समजावतात.

कैलासच्या बाजूने वर चढून वरून बघता येतं, दृश्य अफाट आहे. पण कडा खोल आहे, तिथे लहानाचा हात क्षणभरही सोडायचा नाही. दोन लेकरं आणि मोठं माणूस एकच, असं असेल तर वर जाऊ नका.

वानरांपासून खाऊ जपा. हातात पिशवी दिसली की ती येतात. खाऊ गाडीत किंवा बंद सॅकमध्ये.

देवगिरी किल्ला कितव्या वर्षापासून जमतो?

पूर्ण चढ आठ-नऊ वर्षांच्या, रोज मैदानावर खेळणाऱ्या पोराला जमतो. त्याहून लहान असेल तर भारतमाता मंदिर, कोरडा हत्ती हौद आणि चाँद मिनार एवढ्यावर परत फिरा, तेही भरपूर आहे. मिनार पंधराव्या शतकातला, आत वर चढू देत नाहीत.

चढणार असाल तर खरी मजा दोन ठिकाणी. एक म्हणजे मेंढा तोप, तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे. दुसरी अंधारी. खंदकावरचा पूल ओलांडला की हा वळणावळणाचा काळोखा रस्ता लागतो, शत्रूला चकवण्यासाठी केलेला. टॉर्च न्या, मोबाईलच्या उजेडावर भागवू नका. वटवाघळं असतात, वास असतो, पायऱ्या असमान आहेत. अंधाराला घाबरणारं लेकरू असेल तर आधीच सांगा की अंधार येणार आहे, "चल काही नाही होत" म्हणून ढकलू नका. घाबरलं तर माघारी या, किल्ला पुढच्या वर्षीही तिथेच आहे.

परतताना दिवाळीच्या आसपास दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळं विकायला बसलेल्या बायका दिसतात. घासाघीस करू नका, घ्या.

डब्यात काय न्यावं?

आपल्या आज्यांनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवलाय. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लेकरांसाठी गूळ-तूप. दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. दही धपाट्यांबरोबर छान, पण उन्हाळ्यात ते आंबतं, तेव्हा ताक वेगळ्या बाटलीत. सकाळच्या छोट्या फेरीला सुशीला: मुरमुरे भिजवून पिळून फोडणीला घातले की दहा मिनिटांत डबा भरतो. काकडी कापून नेऊ नका, अख्खी न्या आणि तिथे कापा.

पाणी माणशी एक बाटली नाही, दोन.

गाडी नाही. एसटीने जमेल का?

जमेल, आणि लेकरांना गाडीपेक्षा एसटीच आवडते, खिडकीसाठी भांडण होतं एवढंच. दौलताबाद साधारण 15 किलोमीटर, वेरूळ 30, पैठण 50, अजिंठा 100. एसटीत पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट नाही, पाच ते बाराला अर्धं. महिलांना मार्च 2023 पासून निम्मं भाडं आहे. म्हणजे आई आणि दोन लेकरं मिळून दीड तिकिटात वेरूळ. परतीच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या विचारून घ्या, संध्याकाळी गाडीला गर्दी होते. शहरात स्मार्ट बस आहेच.

आणि एका स्कूटीवर चौघं, हा पर्याय नाही. दोन लेकरं मधे-पुढे अडकवून पैठण रोडला जाणारी कुटुंबं दर रविवारी दिसतात.

बाथरूमचं काय?

सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न. वेरूळ, अजिंठ्याला प्रवेशापाशी सोय असते, आत लेण्यांमध्ये नाही. म्हणून तिकीट काढण्याआधी सगळ्यांनी जाऊन यायचं, "मला नाही आली" म्हणणाऱ्यानेही. किल्ल्यावर एकदा चढायला लागलात की खाली येईपर्यंत भरवसा धरू नका. छोट्यांसाठी एक जादा चड्डी, एक जुनी बाटली आणि साबणाचे कागद सॅकमध्ये कायम.

पावसाळ्यात सुरक्षित काय?

म्हैसमाळ. शहरापासून साधारण 40 किलोमीटर, खुलताबादवरून वर. धुकं, गिरिजामातेचं मंदिर, भाजलेलं कणीस. रविवारी मात्र रस्ता गाड्यांनी भरतो, शनिवारी सकाळी गेलात तर डोंगर तुमचा. वाटेत भद्रा मारुती आहे, झोपलेला मारुती लेकरांना फार गमतीचा वाटतो.

वेरूळला या दिवसांत 29व्या लेण्याजवळ धबधबा कोसळतो. लांबून बघायचा. कोणत्याही धबधब्याखाली, ओढ्यात किंवा धरणाच्या कडेला लेकरांना उतरवू नका. "गुडघाभरच आहे" हे पाणी वरून पाऊस झाला की काही मिनिटांत गुडघाभर राहत नाही.

थंडीत?

थंडीत तर आपला मराठवाडा राजा आहे. दोन गोष्टी चुकवू नका.

पहिली, हुरडा. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. ओळखीच्या कुणाचं शेत असेल तर हॉटेलवाल्या हुरडा पार्टीपेक्षा तिथेच जा. लेकरांना खायला नंतर बसवा, आधी कामाला लावा. ज्वारीचं कोवळं कणीस खुडायचं, आगटीत शेणाच्या गोवऱ्यांच्या धगीवर भाजायचं. ते हिरवं असतानाच काढायचं, काळं होऊ द्यायचं नाही. मग मोठं माणूस गरम कणीस तळहातावर धरून चोळतं, फुंकर मारतं, कोंडा उडतो आणि हिरवे दाणे हातात उरतात. फुंकर मारायचं काम लेकरांचं. कोंडा तोंडावर उडतो, सगळे हसतात. सोबत लसणाची चटणी, गूळ, दही, बोरं, ऊस. पोट भरल्यावर विहिरीकडे कुणी एकटं फिरकणार नाही याची पाळी मोठ्यांनी लावून घ्यावी. शेतावर हीच एक खरी काळजी.

दुसरी, पक्षी. सलीम अली सरोवर शहरातच आहे, दिल्ली दरवाज्याजवळ. आत सोडलं नाही तरी कडेने बरंच दिसतं: खंड्या, बगळे, जांभळी पाणकोंबडी, आणि काळ्या अंगावर पांढरं कपाळ असलेला वारकरी पक्षी. मोठी मोहीम हवी तर पैठणजवळ जायकवाडीचा नाथसागर, तिथे थंडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. हे धरण 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी होऊन सुरू झालं आणि 1976 साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. आजोबा पैठणकडचे असतील तर धरणात गेलेल्या गावांची गोष्ट त्यांच्याकडूनच ऐकवा. दुर्बीण एकच असेल तर पाळ्या लावा, दोन भावंडांत दुर्बीण म्हणजे लढाई.

पैठणला गेलातच तर नाथांच्या दर्शनानंतर पैठणीचा माग बघा. पदरावरचा मोर विणताना रंगारंगाच्या छोट्या कांड्या हाताने फिरवतात. उलटी बाजूही सुलटीसारखीच दिसते, हे लेकराच्या हातात कापड देऊन पटवा, विणकरांना विचारून.

मे महिन्यात काहीच शक्य नाही का?

पहाटे आहे. विद्यापीठामागची गोगाबाबा टेकडी, सूर्य उगवायच्या आत वर, आठला घरी, मग पन्हं आणि दुपारभर कूलरपुढे पत्ते. बाकी फेऱ्या संध्याकाळच्या: कॅनॉटला चक्कर, गुलमंडीवर जिलेबी, कुल्फी. यात कमीपणा काही नाही.

मॉलला नेलं तर वाईट का?

नाही. एसी आहे, बाथरूम आहे. फक्त खर्च जास्त, आणि घरी येऊन सांगायला काही उरत नाही.

कर्णपुऱ्याच्या यात्रेत लेकरू हरवायची भीती वाटते.

भीती रास्त आहे. नवरात्रात तिथे मुंगीला जागा नसते. शनिवार-रविवार आणि अष्टमीची संध्याकाळ टाळा, मधल्या वारी दुपारी चारला जा. लेकराच्या मनगटावर पेनाने तुमचा नंबर लिहा, भडक रंगाचा शर्ट घाला, आणि आधीच सांगा: हरवलास तर धावायचं नाही, पाळण्याच्या तिकीटवाल्याजवळ किंवा पोलीसमामांजवळ उभं राहायचं. किती पाळणे, किती खेळणी हे घरीच ठरवून निघा.

आम्ही संभाजीनगरचे नाही. आमच्याकडे काय?

बीडकरांनी खजाना बावडी दाखवावी, सोळाव्या शतकातली विहीर आणि तिच्यातून निघालेले पाण्याचे मार्ग, पाणचक्कीइतकंच मोठं कोडं. पाटोद्याकडचं नायगाव मयूर अभयारण्य भल्या सकाळी. धाराशिवकडे नळदुर्ग: किल्ल्यात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल केलाय. पावसाळ्यात नदी भरली की नर-मादी धबधबे महालावरून कोसळतात आणि आतली माणसं कोरडी. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीत लेकराला बसवा, डोकं रुमालाने झाकून, आणि जमलं तर वाढायलाही लावा. किनवटकडे सहस्रकुंड, कठड्याच्या आतूनच.

लातूर-धाराशिवला तर येळवस आहे. मार्गशीर्ष अमावास्येला अख्खं शहर रानात जातं. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिल. रान नसलेल्यांनाही कुणीतरी बोलावतंच, बोलावलं की लेकरांना शाळा बुडवून न्या.

आजी-आजोबा बरोबर असतील तर?

बेत त्यांच्या गुडघ्यांवर ठरवा. पाणचक्की, पैठण, शेतावरचा हुरडा उत्तम. किल्ला नको. वेरूळला कैलासच्या अंगणापर्यंत नेऊन सावलीत बसवा. लेकरांना पळून येऊन "आजी, अठरा हत्ती!" सांगायला कुणीतरी लागतंच.

तिकीट, सुट्टीचे वार वगैरे?

पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. उंच पोरांचं आधार कार्ड मोबाईलमध्ये ठेवा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. शाळेची सुट्टी नेमकी मंगळवारी आली तर दौलताबादला जा. अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावून तिथल्या बसने पुढे जावं लागतं, तेव्हा जादा पाऊण तास धरून चला.